एका ग्रॅमला सहाशे रुपये

सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात. माझ्या बहिणीने, अक्काने, दोन्ही पिशवीत घालून हॉस्पिटलात आणलं होतं. नातू काचेत. आजीला आत सोडत नव्हते. मग तिने एनआयसीयूच्या दाराशी असलेल्या स्टीलच्या खुर्चीवर कागद ठेवला, त्यावर पेन, आणि पंख्याने उडू नये म्हणून वर भाच्याच्या हातातली फाइल. फाइलमध्ये सहा दिवसांचं कच्चं बिल होतं. एक लाख शहाण्णव हजार.

बाळ तिसाव्या आठवड्यात आलं. वजन एक किलो दोनशे वीस ग्रॅम. डोहाळजेवण व्हायचं होतं, सुनेला माहेरी न्यायचा दिवस ठरायचा होता, आणि एका पहाटे पाणी गेलं. जवळचं म्हणून ज्या हॉस्पिटलात गेले तिथेच सिझर झालं, तिथेच बाळ आत गेलं. आत जाताना हातात एक फॉर्म आला आणि अनामत किती भरायची ते तोंडी सांगितलं गेलं. दर विचारायचं कुणाला सुचलं नाही. अशा वेळी सुचत नाहीच.

बिल वाचणं ही एक विद्या आहे, आणि आमच्या घरात ती त्या आठवड्यात सगळ्यांना आली. बेड चार्जेस, वॉर्मर, मॉनिटर, सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र), सिरिंज पंप (दोन, म्हणून दोनदा), डॉक्टरांची सकाळची आणि संध्याकाळची व्हिजिट, एबीजी, कावीळ उतरवायचा निळा दिवा, कन्झ्युमेबल्स. या शेवटच्या शब्दात काय काय मावतं हे ज्याने औषधाच्या काउंटरवर रात्री दोनला हातमोजे आणि सक्शन कॅथेटर आणले आहेत त्यालाच ठाऊक. पहिल्या रात्रीच्या बिलात एका कुपीचीच रक्कम पाच आकडी होती. ती सरफॅक्टंटची.

त्या कुपीविषयी मात्र माझी तक्रार नाही. कमी दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसातले बारीक फुगे दर श्वासाला मिटतात, कारण त्यांना आतून उघडं ठेवणारा साबणासारखा थर अजून तयार झालेला नसतो. 1963 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच आजाराने 39 तासांत गेला. जगातला सगळ्यात ताकदवान बाप होता, पण विकत घ्यायला औषधच नव्हतं. 1980 मध्ये जपानच्या फुजिवारांनी गायीच्या फुप्फुसापासून काढलेला हा पदार्थ दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडून दाखवला, तेव्हा चित्र पालटलं. आज आपल्याकडे मिळणारं सरफॅक्टंट बहुधा गायीचं किंवा डुकराचं असतं आणि वजनानुसार दिलं जातं. महाग आहे, पण एकदा, फार तर दोन-तीनदा लागतं.

खरी मेख पुढे आहे. कमी दिवसांच्या बाळाचा मुक्काम ढोबळमानाने तीन टप्प्यांत होतो. पहिले चार-पाच दिवस श्वासाचे. मग आठ-दहा दिवस दूध पचण्याचे आणि जंतुसंसर्गाच्या भीतीचे. आणि मग वजन भरण्याचे, जे सगळ्यात लांबतात. नातेवाइकांची धावपळ, उसनवारी, सोनं मोडणं हे सगळं पहिल्या टप्प्यात होऊन जातं, कारण भीती तेव्हाच जास्त असते. तिसऱ्या टप्प्यात बाळ धोक्याबाहेर असतं आणि खिसा रिकामा. सुरुवातीला बाळाचं वजन उलट उतरतं. जन्माच्या आकड्यावर परत यायलाच दीड-दोन आठवडे जातात, आणि त्यानंतर रोज पंधरा-वीस ग्रॅम. तिसाव्या आठवड्याचं बाळ घरी जाईपर्यंत पाच-सहा आठवडे सहज होतात. पोटात दिवस भरले नाहीत की ते काचेत भरावे लागतात.

भाच्याने एक वही केली होती. एका रकान्यात वजन, दुसऱ्यात रुपये. चौदाव्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याने ती माझ्यापुढे उघडली. सीपॅप निघाला होता, रोजचं बिल उतरून बारा हजारांवर आलं होतं. म्हणाला, “मामा, वीस ग्रॅमला बारा हजार. म्हणजे एका ग्रॅमला सहाशे रुपये पडतात.” मी चहाचे पैसे दिले. दुसरं काय देणार?

त्या वहीत डोकं घातल्यापासून माझं एक मत झालं आहे. यंत्रं आणि औषधं महाग असतातच, पण बिल फुगतं ते दिवसांमुळे. आणि हे दिवस कमी करणाऱ्या ज्या गोष्टी आहेत, त्यांच्यापैकी जवळजवळ एकही बिलात दिसत नाही.

पहिली गोष्ट तर बाळ जन्मायच्या आधीची. वेळेआधी कळा लागल्या किंवा पाणी गेलं की आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, डेक्सामेथासोन. बारा-बारा तासांनी चार. बाळाची फुप्फुसं त्याने लवकर पिकतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी 1972 मध्ये हे सिद्ध केलं आणि आता ते प्राथमिक आरोग्य केंद्रातही असतं. किंमत काही रुपये. पण त्याला वेळ लागतो, आणि वेळ हवा असेल तर कळा सुरू होताच योग्य दारात पोचावं लागतं. नवजात बाळांचे डॉक्टर सांगतात की अशा बाळाला न्यायला आईच्या पोटासारखी ॲम्ब्युलन्स नाही. जिथे सोय आहे तिथे आईलाच आधी हलवावं, जन्मल्यावर बाळाला हलवणं फार जोखमीचं. आमच्याकडे दोनच डोस झाले होते.

दुसरी गोष्ट आईचं दूध. वरच्या दुधाने कमी दिवसांच्या बाळाचं आतडं सडण्याचा आजार बळावतो, आणि तो झाला की पंधरवडा वाढला म्हणून समजा. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. मागे कारण हेच होतं: पालिकेच्या रुग्णालयात पैसा कमी आणि बाळं दगावत होती, तेव्हा जे फुकट आणि उत्तम आहे ते आधी वापरा. आमची सून सिझरच्या टाक्यांसकट दर तीन तासांनी दूध काढायला बसायची. पहिल्या दिवशी सिरिंजच्या तळाशी पिवळसर दीड मिली आलं. नर्सने ते सोन्यासारखं धरून आत नेलं.

तिसरी गोष्ट कांगारू. कोलंबियातल्या बोगोटाच्या सरकारी प्रसूतिगृहात 1970 च्या दशकाच्या शेवटी डॉ. रे आणि डॉ. मार्टिनेझ यांनी पेट्या कमी पडतात म्हणून बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. नाइलाज होता, तो उपचार ठरला. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेल्या अभ्यासात (आपल्याकडे तो दिल्लीच्या सफदरजंगमध्ये झाला) जन्मल्याबरोबर छातीशी धरलेल्या बाळांचे मृत्यू पाव हिश्शाने कमी निघाले. तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. तरी कित्येक खासगी एनआयसीयूंत आईला दिवसातून अर्धा तास आत सोडतात. काचेला नाक लावून बघायला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं आणि हजारी 62 असलेले नवजात मृत्यू 25 वर आणले. 1999 मध्ये लॅन्सेटने ते छापलं, आणि पुढे देशभरच्या आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करू लागल्या. तिसाव्या आठवड्याच्या बाळाला याने सीपॅपची गरज उरत नाही असं कुणी म्हणणार नाही. पण ऊब, दूध, धुतलेले हात आणि वेळेवर दिलेलं अँटिबायोटिक एवढ्यावर किती मजल जाते, ते कळतं.

हॉस्पिटलची बाजूही सांगायला हवी. व्हेंटिलेटरवरच्या एका बाळामागे एक नर्स, तीन पाळ्या, म्हणजे रोज तीन माणसं. वीज सेकंदभरही जाऊन चालत नाही. सगळेच लुटतात हे सोपं वाक्य मला म्हणून पटत नाही. तक्रार आहे ती झाकलेल्या दराची. 2021 मध्ये दुरुस्त झालेल्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांप्रमाणे मुख्य सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. आमच्या हॉस्पिटलात सनद होती. तिच्यापुढे फिकसची कुंडी होती.

शिवाय काही बाळं आत जातात त्याला आपलीही हौस कारणीभूत असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या खासगी रुग्णालयांतल्या 47.4 टक्के प्रसूती सिझेरियनने झालेल्या दिसतात, सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के. यातली पुष्कळ गरजेची असतात. पण गुरुजींकडून मुहूर्त काढून सदतिसाव्या आठवड्यातच उरकलेली सिझर मी ओळखीत तीन पाहिली आहेत. कळा न येता असं आधी काढलेलं बाळ धापा टाकण्याची शक्यता जास्त, आणि मग राजयोग घेऊन आलेला दोन-तीन रात्री ऑक्सिजनवर.

पैसे द्यायचे कुणी, हा प्रश्न न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर एका इसमाने अफलातून सोडवला होता. मार्टिन कूनी त्याचं नाव. 1903 पासून 1943 पर्यंत त्याने जत्रेत काचेच्या पेट्यांमधली बाळं पंचवीस सेंटच्या तिकिटावर दाखवली आणि आईबापांकडून एक पैसाही घेतला नाही. तिकिटांवर नर्सा पोसल्या, बाळं वाचवली. किळस वाटावी आणि हात जोडावे, दोन्ही एकदम.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरचं. त्यामुळे दोन-अडीच लाखांचं बिल झालं की विहीणबाई आणि अक्का यांच्यात जे बोलणं होतं ते फोनवर होत नाही, शेजारच्या बाईमार्फत होतं. विमा होता, कंपनीचा. त्यात बाळंतपणाला पन्नास हजारांची मर्यादा, आणि बाळाचा खर्च त्याच पन्नास हजारांत धरायचा की कुटुंबाच्या पूर्ण रकमेत, हे पॉलिसीच्या एका ओळीवर ठरतं. ती ओळ दिवस राहण्याआधी वाचायची असते. स्वतः काढलेल्या पॉलिसीत बाळंतपणाला बहुधा दोन ते चार वर्षांची प्रतीक्षा असते, आणि नवजात बाळ कधी कधी नव्वद दिवसांनंतरच धरतात. ज्याला पहिल्याच दिवशी व्हेंटिलेटर लागतो, त्याने नव्वद दिवस थांबायचं!

आणखी दारं आहेत, पण ती कुणी आपणहून दाखवत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत नवजात बालकांचे काही आजार बसतात, रुग्णालय अंगीकृत हवं. धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. 2025 च्या एप्रिलमध्ये पुण्यातल्या एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर अनामत रकमेवरून वादळ उठलं, तेव्हा कुठे अनेकांना कळलं की आपण ज्या इमारतीत पैसे भरतो ती कागदोपत्री धर्मादाय आहे. आणि सगळ्यात कमी ठाऊक असलेलं दार म्हणजे 2011 ची जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम ही योजना. आजारी नवजात बाळावर सरकारी रुग्णालयात उपचार, औषधं, रक्त, तपासण्या, नेणं-आणणं सगळं मोफत. सुरुवातीला ही सवलत महिनाभराच्या बाळापर्यंत होती, पुढे ती वर्षापर्यंत वाढली. बाळ खासगीत जन्मलं म्हणून ती जात नाही.

हे दार आम्हाला दाखवलं ते खासगीतल्याच डॉक्टरांनी. पंधराव्या दिवशी भाच्याला बाजूला घेऊन म्हणाले, “आता याला माझी गरज नाही, वजनाची आहे. मेडिकल कॉलेजच्या एसएनसीयूत, म्हणजे सरकारी नवजात कक्षात, माझी बॅचमेट आहे, मी बोलतो.” अक्का घाबरली. तिच्या डोक्यात 9 जानेवारी 2021 ची भंडाऱ्याची आग होती, जिल्हा रुग्णालयाच्या अशाच कक्षात दहा बाळं गेली ती. माझ्या डोक्यात 2023 चं नांदेड होतं, एका दिवसात चोवीस मृत्यू, त्यातली बारा बाळं. खासगीतले पैसे संपल्यावर शेवटच्या घडीला आणलेले रुग्ण तिथे येतात, असं तेव्हा सांगितलं गेलं होतं. निम्मं खरं असावं. आपण निदान शेवटच्या घडीला नेत नव्हतो.

तिथे गर्दी होती. एका वॉर्मरवर दोन बाळं. सून रात्री व्हरांड्यात चटईवर झोपायची आणि एक अँटिबायोटिक बाहेरून आणावं लागलं, मोफत असूनही. पण दुसऱ्याच सकाळी एका आडदांड सिस्टरने सुनेला खुर्चीत बसवलं, ब्लाउजची बटणं काढायला लावली, टोपी-लंगोटातलं बाळ छातीवर उभं ठेवलं आणि वरून सुती ओढणीने बांधून टाकलं. “दोन तास हलायचं नाही. मोबाइल नाही.” सून हलली नाही. दुपारी अक्काची पाळी लागली, मग भाच्याची. छातीवर केस असलेला बाप चालतो का, असं त्याने विचारलं, तेव्हा सिस्टर हसली.

वहीत त्या दिवसापासून वजनाच्या रकान्यात आकडे आहेत: 1240, 1265, 1285, मधे एकदा 1280, मग 1310. रुपयांच्या रकान्यात अँटिबायोटिकचे चारशे ऐंशी, आणि त्याखाली रेघ.