पिल्लू घरी आणण्यापूर्वी

मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळी आली की कुत्रीही जमतात. त्यांतले एखादे पिल्लू घरी न्यायचा मुले हट्ट धरतात. हट्ट जरूर पुरवावा, पण तयारीनिशी.

पिल्लू ८ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळच असू द्यावे. घरात एक कोपरा, जुनी गोधडी आणि पाण्याचे भांडे एवढे पुरे. दिवसातून ३-४ वेळा थोडा मऊ भात, काटे काढलेली उकडलेली मासळी द्यावी. खारवलेली सुकी मासळी, कांदा, चॉकलेट देऊ नये.

पशुवैद्याकडून जंताचे औषध घ्यावे. ३ महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचावी, आणि पुढचे डोसही चुकवू नयेत.

पालकांनो, पिल्लू चावले की मार बसेल या भीतीने मुले लपवतात. त्यांना आधीच सांगा, मारणार नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. चुना, मिरची लावू नका. मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. लुई पाश्चर यांची रेबीजची लस १८८५ साली माणसाला पहिल्यांदा दिली गेली. रोगाची लक्षणे दिसल्यावर मात्र आजही रुग्ण क्वचितच वाचतो.