जुना कुकर आणि त्याचे सुटे भाग

टापटिपीच्या घरांतून सुद्धां माळ्यावर एखादा तरी कुकर असा आढळतो कीं, त्याचें अंग अद्याप धडधाकट आहे, पण शिट्टी हरवलेली आहे किंवा रबरी रिंग दगडासारखी कडक झाली आहे. सासूबाईंनीं हौसेनें घेतलेली वस्तु मोडींत घालण्यास मन धजत नाहीं, आणि तें योग्यच आहे. हॉकिन्स कंपनी मुंबईस १९५९ सालीं निघाली. तेव्हांपासून घरोघर आलेल्या कुकरांपैकीं पुष्कळांचें भांडें शाबूत आहे. अडतें तें सुट्या भागांपाशीं.

या बाबतींत आपणांस एक जुनी संवय नडते, आणि ती प्रायमस स्टोव्हनें लावलेली आहे, असें आम्हांस वाटतें. स्वीडनमध्यें १८९२ च्या सुमारास निघालेला हा बिनवातीचा स्टोव्ह आपल्याकडे आला, तो पिना, बर्नर आणि पंपाचे कातडी वायसर यांचा बाजार बरोबर घेऊनच. वायसर जरा मोठा झाला तर कातरावा, तेलांत भिजवावा आणि बसवावा, काम भागे. ‘बसलें म्हणजे झालें’ हा न्याय तेथें खपून गेला. कुकरला तो लावणें मात्र धोक्याचें आहे.

कुकरांत वाफ कोंडली म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षां दर चौरस सेंटिमीटरला सुमारें एक किलो अधिक दाब उत्पन्न होतो, आणि पाणी १०० ऐवजीं सुमारें १२० अंशांवर उकळतें. हा दाब किती असावा, हें शिट्टीचें वजन व तिच्याखालच्या नळीचें भोंक हीं दोन मिळून ठरवितात. दुसऱ्या कुकरची जड शिट्टी नळीवर नीट बसेल, आवाजही नेहमींचाच करील. आंतला दाब मात्र वाढलेला असेल. सेफ्टी व्हॉल्व्हांत कमी उष्णतेनें वितळणारी मिश्रधातु असते. कुकर बेसुमार तापला कीं ती वितळून वाफेला वाट देते. त्या जागीं स्क्रू पिळून ‘आतां गळत नाहीं, बाई!’ असें सांगणाऱ्या कारागिराला एक पैसाही देऊं नये. रिंगेचेंही तसेंच. बाहेरून फिरवून लावण्याच्या कांहीं झांकणांच्या कडेला एक खांच असते. दाब अतोनात वाढल्यास रिंग तींतून बाहेर सरकून वाफ मोकळी व्हावी, अशी ती योजना आहे. तेथें भलतीच जाड रिंग कोंबली कीं ही योजना फुकट गेली.

तेव्हां भाग शोधण्यापूर्वीं कुकर ओळखावा. तळ व दांडा घांसून पाहिल्यास कंपनीचें नांव आणि लिटरचें माप बहुधा सांपडतें, आय.एस. २३४७ हा भारतीय मानकाचा आंकडा दिसल्यास तोही टिपून घ्यावा. झांकण आंत बसतें कीं बाहेर, हें दुकानदारास आधीं सांगावें. जुनी रिंग कितीही निकामी असली तरी बरोबर न्यावी. किंबहुना सबंध कुकरच पिशवींत घालून नेण्यास आमच्या वाचक भगिनींनीं संकोचूं नये. तुळशीबागेंत किंवा भुलेश्वरांत पाकिटावर कंपनी, माप व नमुना छापलेला नसेल, तर स्वस्ताईला न भुलतां ती रिंग परत द्यावी.

माहितीपत्रक तर आपण पहिल्याच दिवशीं रद्दींत टाकतों. वास्तविक सुट्या भागांचीं नांवें व क्रमांक त्यांतच असतात. भांडें दोनतृतीयांशांवर भरूं नये, आणि फेंस येणारी डाळ तर निम्म्याहून अधिक घालूं नये, हेंही त्यांतच सांगितलेलें असतें. मोठ्या कंपन्यांचीं पत्रकें आतां इंटरनेटवर मिळतात. कोणा आप्तानें अमेरिकेहून आणलेला प्रेस्टो कुकर असल्यास त्याच्यावरील क्रमांक कळवून कंपनीकडे चौकशी करतां येते.

तळ फुगलेला किंवा कांठ चेपलेला असेल, तर मात्र या खटपटींत पडूंच नये. कंपनी बुडाली आणि भाग मिळेनासा झाला तरीही तेंच. झांकण बाजूस ठेवून भांडें वापरावें. जाड बुडामुळें दूध तापविण्यास आणि पोहे परतण्यास तें उत्तम. भांडें अॅल्युमिनियमचें असेल तर त्यांत ताक किंवा चिंचेचें सार मात्र ठेवूं नये. आंबटानें ती धातु खाल्ली जाते.