एका अंशाला २८ मायक्रोसेकंद

मारुतीचे के-१५ हे १,४६२ सीसीचे पेट्रोल इंजिन घेऊ. २०१८मध्ये ते सियाझ आणि एर्टिगात आले, आणि आज वाशी ते पनवेल कुठल्याही सिग्नलला त्याच्या दोन-तीन गाड्या उभ्या असतातच. चार सिलिंडर, ७४ मिलिमीटर बोअर, ८५ मिलिमीटर स्ट्रोक, कॉम्प्रेशन १०.५ ला १. कागदावर ६,००० आरपीएमला सुमारे १०५ अश्वशक्ती. काटा सहावर पोचतो तेव्हा चालकाला फक्त आवाज वाढलेला कळतो. आत काय चाललेले असते, ते सेकंदाचे तुकडे करून मोजल्याशिवाय कळत नाही.

६,००० आरपीएम म्हणजे क्रँकचे सेकंदाला १०० फेरे. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे चारही मिळून सेकंदाला २०० ठिणग्या. पापणी लवायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो असे धरले, तर तेवढ्यात ४० ठिणग्या पडून गेलेल्या असतात. पिस्टनचा सरासरी वेग ताशी ६१ किलोमीटर, आणि तोसुद्धा ८५ मिलिमीटरच्या जागेत, सेकंदाला २०० वेळा थांबून. वरच्या टोकाला उलटे फिरताना त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या दोन हजार पटींहून जास्त ताण येतो. पिस्टन पाव किलोचा असेल, तर त्या क्षणी तो कनेक्टिंग रॉडला अर्ध्या टनाने ओढतो.

या वेगात क्रँकला एक अंश फिरायला २८ मायक्रोसेकंद लागतात. ट्यूनर लॅपटॉपकडे बघत ‘दोन डिग्री मागे घेतली’ म्हणतो, तेव्हा तो ५६ मायक्रोसेकंदांबद्दल बोलत असतो. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, हा हिशेब प्रत्येक ठिणगीसाठी नव्याने करतो.

आता हवा. सिलिंडर पूर्ण भरले तर हे इंजिन सेकंदाला ७३ लिटर हवा ओढते, तासाला अडीच लाख लिटरहून जास्त. मात्र ही हवा नवी मुंबईची आहे. पावसाळ्याच्या तोंडावर ३३ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर प्रत्येक १०० लिटरमध्ये जवळजवळ चार लिटर नुसती वाफ असते. वजनात मांडले तर इंजिन सेकंदाला सुमारे दोन ग्रॅम पाणी पिते. त्याच सेकंदात ते पेट्रोल पिते साडेसहा ग्रॅमच्या आसपास. खाडीकाठच्या या शहरात गाडी ट्यून करणाऱ्याने हे प्रमाण डोक्यात पक्के ठेवावे असे मला वाटते, कारण ती वाफ जागा अडवते आणि ऑक्सिजन काही देत नाही. एका ठिणगीच्या वाट्याला कोरडी हवा येते ०.४ ग्रॅम, पेट्रोल ३२ मिलिग्रॅम. हे पेट्रोल धड एक थेंबसुद्धा भरत नाही.

इथे सुपरचार्जर येतो. क्रँकच्या पट्ट्यावर फिरणारा हा पंप हवा दाबून आत भरतो. महाराष्ट्राला तो अनोळखी नाही. मर्सिडीजच्या सी-क्लासमधल्या ‘कॉम्प्रेसर’ गाड्या पुण्याजवळ जुळवल्या जात, आणि त्यांच्या इंजिनात सुपरचार्जर कारखान्यातूनच असे. त्या इंजिनांचे पिस्टन, कॉम्प्रेशन आणि ईसीयू दाब धरूनच घडवलेले होते. साध्या इंजिनावर सुपरचार्जर नंतर चढवला, की ही सगळी जबाबदारी ईसीयूतल्या आकड्यांवर येऊन पडते.

समजा हा जादा दाब (बूस्ट) अर्धा बारच ठेवला, म्हणजे सात पीएसआय. दाब दीडपट झाला, तेव्हा हवाही दीडपट आली असे वाटेल. पण दाबलेली हवा तापते. ६० टक्के कार्यक्षमतेचा सुपरचार्जर ३३ अंशांची हवा ९५ अंशांच्या पुढे नेतो, आणि तापलेली हवा विरळ असल्याने प्रत्यक्ष वाढ २४ टक्क्यांवरच अडकते. इंटरकूलरने तीच हवा ५० अंशांवर आणली, तर वाढ ४२ टक्के होते. हे करताना सुपरचार्जर स्वतः सुमारे १० अश्वशक्ती खातो.

खरी भीती सिलिंडरच्या आत आहे. १०.५च्या कॉम्प्रेशनमध्ये हवेचे निरपेक्ष तापमान साधारण दुप्पट होते. बाहेरून ३३ अंशांनी शिरलेली हवा ठिणगीच्या आधीच ३४५ अंशांवर पोचते, ५० अंशांची ३८० वर आणि ९६ अंशांची ४७० च्या वर. म्हणजे इनटेकमधला प्रत्येक जादा अंश पिस्टनच्या डोक्यावर दोन अंश होऊन बसतो. दाबही २१ बारवरून ३२ बारवर जातो. अशा वेळी उरलेले मिश्रण ज्योतीची वाट न पाहता स्वतःच पेटते. हेच नॉकिंग. ७४ मिलिमीटरच्या सिलिंडरमध्ये त्या दाबलाटा सेकंदाला सुमारे सात हजार वेळा आपटतात, आणि ब्लॉकवर घट्ट बसवलेला नॉक सेन्सर नेमका तोच सूर ऐकत असतो.

आता मूळ ईसीयूला यातले काय कळते ते पाहा. त्याचा प्रेशर सेन्सर बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच मोजण्यासाठी बसवलेला असतो. बूस्ट चढला की तो शेवटच्या आकड्यावर अडकतो, आणि ईसीयू साध्या हवेचेच पेट्रोल देत राहतो. म्हणून सेन्सर बदलावा लागतो. इंजेक्टरही पुरत नाहीत. ६,००० आरपीएमला एका चक्राला २० मिलिसेकंद मिळतात. पूर्वी इंजेक्टर त्यातले १३ उघडा राहत असेल, तर आता बूस्टमध्ये मिश्रण जरा जास्त पेट्रोलचे ठेवून ३२च्या जागी ४८ मिलिग्रॅम द्यायला त्याला १९ हून जास्त हवेत. मिटायलाच वेळ नाही. मोठे इंजेक्टर घातले, की पेट्रोलचा प्रत्येक जुना आकडा चुकीचा ठरतो.

आकडे किती? आरपीएमचे १६ टप्पे आणि लोडचे १६ धरले, तर एका मॅपमध्ये, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यात, २५६ चौकटी होतात. प्रत्येक चौकटीत दहाच पर्याय मानले, तरी तो मॅप भरण्याच्या तऱ्हा एकावर २५६ शून्ये इतक्या. दृश्य विश्वातले अणू साधारण एकावर ८० शून्ये इतके मानले जातात. आणि हा झाला एक मॅप. पेट्रोलचा वेगळा, ठिणगीचा वेगळा, तापमानाच्या दुरुस्तीचा वेगळा. तरीही चांगला ट्यूनर डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी बांधून काम पूर्ण करतो, कारण शेजारच्या चौकटी एकमेकींना धरून असतात आणि इंजिन काय म्हणते आहे हे त्याला वाचता येते. मला या कौशल्याबद्दल मनापासून आदर आहे.

म्हणूनच परदेशातून आलेला तयार मॅप जसाच्या तसा भरण्याला माझा ठाम विरोध आहे. तो १५ अंशांच्या कोरड्या हवेत आणि शुद्ध पेट्रोलवर लिहिलेला असेल, तर इथे पहिल्या मिनिटापासून चुकतो. शुद्ध पेट्रोलच्या एका ग्रॅमला १४.७ ग्रॅम हवा लागते. आपल्या पंपावरच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साडेतेराच पुरते. जुना मॅप तसाच राहिला, तर मिश्रण आठ-नऊ टक्के लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, होते, तेही बूस्टमध्ये. त्यात ऑक्टेनचा प्रश्न. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२०मध्ये १०० ऑक्टेनचे एक्सपी१०० आणले. त्यावर ताणून बसवलेली ठिणगी एखाद्या रात्री कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालवावी लागली तर काय, याचे उत्तर मॅपमध्ये आधीच असायला हवे.

चुकीची किंमतही आकड्यांतच मांडतो. शहरात ताशी सरासरी २५ किलोमीटरने दोन लाख किलोमीटर म्हणजे ८,००० तास. सरासरी १,८०० आरपीएम धरले, तर त्या आयुष्यात १७३ कोटी ठिणग्या पडतात. पूर्ण बूस्टमध्ये जोरदार नॉकिंग सुरू झाले, तर पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटायला काही सेकंद पुरतात. दहा सेकंद म्हटले तरी २,००० ठिणग्या.

कळंबोलीहून एक्स्प्रेस वेने घाट चढलात, की हिशेब पुन्हा हलतो. लोणावळ्याला, सुमारे ६२० मीटरवर, हवेचा दाब सात टक्क्यांनी उतरलेला असतो.

ही गाडी चालवायची कुठे, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते ठामपणे सांगितले. पाम बीच रोडची सरळ पट्टी कितीही खुणावली, तरी तिथे इतर माणसे घरी निघालेली असतात. मॅप डायनोवर तपासावा, वेग बंदिस्त ट्रॅकवर पाहावा. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरणाऱ्या ‘व्हॅली रन’मध्ये ४०२ मीटरच्या शर्यती होतात. १५ सेकंदांची धाव, सरासरी ५,००० आरपीएम, एकूण २,५०० ठिणग्या. सेकंदाला २० नोंदी आणि ३० रकाने ठेवले, तर लॅपटॉपवर ९,००० आकडे जमा होतात. त्यात आधी इनटेकच्या तापमानाचा आणि नॉकचा रकाना उघडावा, आणि त्यानंतरच धावेला किती वेळ लागला ते बघावे.