जुना ट्रॅक्टर स्वस्तात मिळतोय? इसार देण्याआधी हे बघा

गावात कुणी शेती आवरती घेतली की ट्रॅक्टर, ट्रॉली, रोटाव्हेटर विकायला निघतात. मधे दलाल नसतो, त्यामुळं भाव बरा लागतो. पण कागद कच्चे असतील तर स्वस्तातला सौदा अंगाशी येतो.

आरसीवर बँकेचं किंवा फायनान्सचं नाव आहे का, ते आधी बघा. असेल तर कर्ज फिटल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ मागा. नाहीतर थकलेल्या हप्त्यापायी ट्रॅक्टर तुमच्या दारातून ओढून नेतील. चेसी आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा. ट्रॉलीची आरसी वेगळी असते, तीही मागा.

मूळ मालक वारला असेल तर आधी फॉर्म ३१ भरून वारसाचं नाव लागू द्या. मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या.

बघायला सकाळीच जा. इंजिन थंड असताना स्टार्टर मारला की खोट लपत नाही.

विकणाऱ्यांनीही ध्यानात ठेवा: नाव बदललं नाही आणि अपघात झाला, तर भरपाई आरसीवरच्या मालकाकडंच मागितली जाते. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये हेच सांगितलंय. म्हणून आरटीओत नाव लागेपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवा, दोघांचंही भलं होईल.