वर्मावर बोट ठेवा, पण जपून!

‘अगदी वर्मावर बोट ठेवलंस’ किंवा ‘घाव वर्मी बसला’ असं आपण सहज म्हणतो. हे वर्म म्हणजे संस्कृतातलं मर्म. तमिळनाडूत तर या नावाची उपचारपद्धतीच आहे. चेन्नईजवळच्या तांबरम सॅनेटोरियम भागात २००५ साली राष्ट्रीय सिद्ध संस्था सुरू झाली. तिथे शिकवल्या जाणाऱ्या सिद्ध वैद्यकाची वर्म चिकित्सा ही एक शाखा. त्यात साधारणपणे १०८ वर्मस्थानं मानतात. सुश्रुतसंहितेत मर्मं १०७ सांगितली आहेत, त्यांपैकी ३७ मानेत व डोक्यात.

चेहऱ्यावरची काही मर्मं आणि चिनी ॲक्युपंक्चरचे बिंदू जवळजवळ एकाच जागी येतात, याची मोठी गंमत वाटते.

स्थपनी : दोन भुवयांच्या मध्ये, कुंकवाची जागा. तमिळमध्ये तिलर्त कालम, चिनी नाव यिनतांग.

फणा : नाकपुड्यांच्या बाजूला. इथे इजा झाल्यास वास कळत नाही, असं सुश्रुत सांगतो. जवळच्या चिनी बिंदूचं नाव यिंगशियांग, म्हणजे ‘सुगंधाचं स्वागत’!

अपांग : डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्याशी. तिथेच चिनी पद्धतीतल्या पित्ताशय वाहिनीचा पहिला बिंदू आहे.

शंख : कानशील. जवळच चिनी ताइयांग बिंदू.

जागा जुळल्या, तरी हेतू मात्र वेगळा. चिनी बिंदू उपचारासाठी आखलेले. सुश्रुताची मर्मं मुख्यतः इजेपासून जपण्यासाठी मोजलेली. शंख मर्म तर त्याने ‘सद्यःप्राणहर’, म्हणजे घाव बसताच जीव घेणारं, म्हटलं आहे. आधुनिक शरीरशास्त्रही सांगतं, की कानशिलाजवळ कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून मेंदूच्या आवरणाची रोहिणी जाते. स्थपनीत रुतलेलं शल्य उपटू नये, हाही सुश्रुताचाच इशारा. आजच्या प्रथमोपचारातही तेच शिकवतात.

म्हणून घरी करताना एवढं पाळा. हात धुवा, नखं कापा, आरामात बसा, डोळे मिटा. बोटाच्या पेराने स्थपनी किंवा नाकपुडीची बाजू अर्धा ते एक मिनिट हलकेच दाबा. श्वास संथ ठेवा. कानशिलावर फक्त हळुवार बोट फिरवा. डोळ्यावर दाब नको. जखम, पुरळ किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर हात लावू नका. तान्ह्या बाळावर हे प्रयोग मुळीच नकोत.

दिवसभराच्या ताणाने जड झालेलं डोकं यामुळे हलकं वाटू शकतं. पण हा विसावा आहे, औषध नव्हे. डोकं अचानक असह्य दुखू लागलं, उलट्या झाल्या, धूसर दिसू लागलं, जीभ अडखळली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तापात मान ताठरली किंवा डोक्याला मार बसला, तर बिंदू शोधत बसू नका. तडक दवाखाना गाठा. अशा वेळी वेळ न दवडणं, हेच खरं वर्म!