आटलेला पान्हा पुन्हा येतो

एक लेक बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दुसऱ्या महिन्यात तिला ताप आला. पंधरा दिवस ती अंथरुणाला खिळली. घरच्यांनी बाळाला बाटलीने डब्याचे दूध पाजले. ताप गेला, पण तोवर पान्हा आटला. अंगावर घेतले की बाळ रडे, तोंड फिरवी. शेजारणी म्हणाल्या, "आता काही दूध यायचं नाही. डबाच चालू दे."

डबा महाग. तो पुरावा म्हणून भुकटी कमी आणि पाणी जास्त पडू लागले. बाटली नीट उकळली जाईना. बाळाला जुलाब लागले. दवाखान्यात न्यावे लागले.

तिथल्या नर्सबाईंनी सांगितले, "हात टेकू नका. पान्हा बहुतेक वेळा परत येतो." कसा येतो, ते आपण पाहू.

वासरू लुचते, रोज धार काढली जाते, तोवर गाय दूध देते. ते थांबले की गाय आटते. आईचेही तसेच आहे. बाळ जितके ओढील, तितके दूध वाढेल.

म्हणून दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा बाळाला अंगावर घ्यावे. दोन्ही बाजूंना पाजावे. रात्रीचे पाजणे चुकवू नये. नुसते बोंड नव्हे, भोवतीचा काळा भागही बाळाच्या तोंडात जाऊ द्यावा. एरवीही बाळाला उघड्या छातीशी धरून बसावे.

बाळ ओढत नाही? मग चमच्याने छातीवर थेंब थेंब दूध सोडा. ते बोंडावरून बाळाच्या तोंडात उतरेल. चव लागली की बाळ ओढू लागते. तरीही ओढेना, तर हाताने दूध काढत राहा. आधी थेंबच येतील. घाबरू नका.

डबा मात्र एकदम बंद करू नका. बाळ उपाशी राहील. बाटली सोडा आणि स्वच्छ वाटी-चमच्याने पाजा. भुकटी डब्यावर लिहिलेल्या मापानेच घाला. अंगावरचे दूध वाढेल, तसे डब्याचे दूध नर्सबाईंना विचारून थोडे थोडे कमी करा. अंगणवाडीत बाळाचे वजन करा. दिवसरात्रीत बाळाने निदान ६ वेळा लघवी केली पाहिजे. लघवी कमी झाली किंवा बाळ मलूल झाले, तर लगेच दवाखाना गाठा.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू खुशाल खा. पण बाळाने ओढल्याशिवाय नुसत्या लाडवाने पान्हा फुटत नाही. मिसरी, तंबाखू सोडा.

कोणाला आठवड्यात दूध येते, कोणाला महिना लागतो. कोणाला पुरेसे येत नाही. तरी आले तेवढे मोलाचेच. त्यात आईचा दोष नाही.

त्या लेकीच्या आईने चूल सांभाळली. नवऱ्याने येऊन पाणी भरले. लेक बाळाला घेऊन बसली. तीन आठवड्यांनी डबा सुटला.

आम्हांला वाटते, पान्हा आईला फुटतो, पण तो टिकवायला सारे घर लागते.