दोन पिशव्यांतल्या गोळ्या

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात आणि विड्या वळणाऱ्या बायांच्या वस्तीत, मी बरीच वर्षे क्षयाचे रुग्ण तपासले. सुरुवातीच्या दिवसांतला एक टॉवेल-कामगार अजून आठवतो. उपचाराच्या चौथ्याच दिवशी घाबरून आला. "साहेब, लघवीतून रक्त जायलंय. गोळ्या बंद केल्या मी." ते रक्त नव्हते. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते. घाम आणि अश्रूसुद्धा. त्याने काही बिघडत नाही. चूक माझी होती. हे मी आधीच सांगायला हवे होते.

साध्या क्षयात पहिले २ महिने चार औषधे असतात, पुढचे ४ महिने तीन. प्रत्येकाचा त्रास वेगळा. आयसोनियाझिडमुळे शरीरातले ब-६ जीवनसत्त्व कमी पडते, मग पायांना मुंग्या येतात, तळपायांची आग होते. पायराझिनामाइडने युरिक आम्ल वाढून सांधे दुखतात. इथॅम्ब्युटॉल क्वचित डोळ्याच्या नसेला इजा करते. लाल-हिरवा रंग नीट ओळखू येत नाही. इथॅम्ब्युटॉल सोडून बाकी तिन्हींचा ताण यकृतावर येतो. दारू पिणाऱ्याला काविळीचा धोका अधिक.

एचआयव्ही असलेल्या रुग्णालाही हीच औषधे दिली जातात, पण हिशेब गुंतागुंतीचा होतो. मुंग्या औषधाने येतात, तशा एचआयव्हीनेही येतात. अंगावरचा पुरळ क्षयाच्या गोळीचा, की न्यूमोनिया टाळण्यासाठी दिलेल्या कोट्रायमोक्साझोलचा, हे चटकन कळत नाही. शिवाय रिफाम्पिसिन यकृताला इतके कामाला लावते, की एचआयव्हीची काही औषधे रक्तातून लवकर निघून जातात. म्हणून डोलुटेग्राव्हिर एरवी दिवसातून एकदा, तर रिफाम्पिसिनसोबत दोनदा देतात. एचआयव्हीचे उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांत कधी ताप परततो, गाठी सुजतात. ती जागी झालेली प्रतिकारशक्ती असू शकते. रुग्णाला मात्र वाटते, गोळ्या बाधल्या.

हा फरक जगाला महागात पडून कळला. थायासिटाझोन हे स्वस्त औषध भारतातही आयसोनियाझिडच्या जोडीने वापरात होते. एचआयव्हीबाधितांमध्ये मात्र त्याने कातडी सोलवटून जीव जाऊ लागले. १९९१ साली नैरोबीतल्या अभ्यासाने हे स्पष्ट दाखवले आणि अशा रुग्णांसाठी ते वर्ज्य ठरले.

विड्या वळणारी एक बाई माझ्याकडे क्षयासाठी येई. तळपाय जळतात म्हणून मी ब-६ वाढवले, तरी उतार पडेना. एके दिवशी दार लावून घेत तिने दुसरी पिशवी काढली. एचआयव्हीच्या गोळ्या होत्या. "वस्तीत कळलं तर कामाला कोण बोलावील?" तिथल्या डॉक्टरांना तिने क्षयाचे सांगितले नव्हते आणि मला एचआयव्हीचे. दोघेही अर्धाच आजार पाहत होतो. तिच्या परवानगीने आम्ही दोघांनी बोलून औषधे जुळवली.

लघवीचा रंग बदलला, थोडी मळमळ झाली, मुंग्या आल्या, तर गोळ्या सोडू नयेत; डॉक्टरांना सांगावे. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, नजर अंधूक झाली किंवा पुरळासोबत तोंडात फोड आले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. यकृत सावरल्यावर औषधे एकेक करून पुन्हा सुरू करता येतात. मनाने अर्धवट सोडलेला क्षय मात्र औषधांना दाद न देणारा होऊन परतू शकतो.

आता नवा रुग्ण आला की दार लावून मी आधी विचारतो, "आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?"